करोलिनाचा ठराव

आमचे हे, म्हणजे श्रीकांतराव, एरवी गरीब गाय. कारखान्यात हाताखालच्या माणसालाही कधी अरे-तुरे करणार नाहीत. पण जेवायला बसले आणि राजकारण निघालं, की अंगात वारं शिरलंच म्हणून समजा. माझा थोरला भाऊ आप्पाजी, त्याला मी अण्णा म्हणते, तोही त्याच माळेचा मणी. या दोघांनी मिळून १९६६ सालच्या भाऊबीजेचं कसं वाटोळं केलं, ते आधी सांगते.

आम्ही बंगळूरला, जयनगरात राहत होतो. हे पुण्याचे. सरकारी यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. मी निपाणीकडची. अण्णा म्हैसूर सरकारच्या रस्ते-इमारती खात्यात, आणि त्याचं बिऱ्हाड बनशंकरीच्या देवळाच्या पलीकडे. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे अण्णा आणि कावेरीवहिनी, एवढंच. दर भाऊबीजेला अण्णा सकाळीच यायचा, माझ्या लेकीच्या, प्रतिमाच्या, वेण्या ओढायचा, पोटभर जेवायचा, आणि मग मी त्याला ओवाळायची. आधी जेवण, मग ओवाळणी, ही आमच्याकडची उलटी रीत. वडील म्हणायचे, भुकेल्या भावाला कसलं ओवाळता!

त्या वर्षी दिल्लीने सीमेचा वाद सोडवायला आयोग नेमला होता. बातमी ताजी, पुरणपोळी ताजी आणि ह्यांचा उत्साहही ताजा.

"आता निपाणी-बेळगाव आलंच म्हणून समजा," हे म्हणाले.

"कुणाकडं आलं?" अण्णाने विचारलं. "शेतं आमची, तंटे आमचे, शेजारपाजार आमचा. पुण्यात बसून तुम्ही आमचं बारसं का करायलाय?"

तिथेच थांबायचं की नाही? पण नाही! हे म्हणाले, "बरोबर आहे. म्हैसूर सरकारचं मीठ खाल्लंय ना. जीभ उचलेल कशी?"

अण्णा पानावरून उठला. अर्धी पोळी तशीच, तूप तसंच. सणाच्या दिवशी पानावरून उठणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. उंबऱ्याबाहेर जाऊन त्याने चपला घातल्या आणि तिथूनच म्हणाला, "ह्या घरचं अन्न मला नको. ह्या उंबऱ्याच्या आत आता पाय ठेवणार न्हाई."

"आणि मीही बोलवायला येणार नाही!" हे आतून ओरडले. "उद्या पोरीचं लग्न निघालं तरी त्याच्या दारात अक्षत घेऊन मुळीच नाही!"

निरांजन तसंच राहिलं. मी ताटातली सुपारी उचलून डब्यात टाकली आणि दोघांनाही मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात प्रतिमाचं लग्न ठरलं. मुलगा उपेंद्र, शांत आणि कामसू, विमानांच्या कारखान्यात. सगळं छान. पण साखरपुड्याला त्याची आई कस्तुराबाई इकडे-तिकडे बघून म्हणाली, "मुलीचे मामा दिसत नाहीत?" मी म्हटलं, "गावी गेलेत." खोटं बोलताना माझे कान तापले. मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामाने. प्रतिमाला एकच मामा. सायकल त्यानेच शिकवलेली, पडली तेव्हा गुडघ्याला हळदही त्यानेच लावलेली.

"आई," ती मला म्हणाली, "मामा पाठीशी नसेल तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही. कचेरीत सही करून येईन."

कार्टीचा सुंभही बापाचा आणि पीळही बापाचा. लग्न मार्गशीर्षातलं होतं. पहिली अक्षत मामाच्या घरी जाते, आणि ती नवरा-बायकोने जोडीने द्यायची असते. ह्यांना मी दोनदा सांगून बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. कावेरीवहिनीने तिकडे अण्णाला सांगून बघितलं. अण्णा म्हणे उठून गुलाबाला पाणी घालायला गेला, आणि बाहेर पाऊस पडत होता.

अशात गणपती आले. आमचं एक मराठी मंडळ होतं. त्यात निम्मे पुण्या-मुंबईकडून नोकरीला आलेले आणि निम्मे आमच्यासारखे सीमेवरचे, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे. शाळेच्या सभागृहात गणपती बसायचा आणि रोज संध्याकाळी व्याख्यान व्हायचं. आयोगाचा अहवाल नुकताच दिल्लीला पोचला होता, पण आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ज्याला त्याला सगळंच ठाऊक होतं. मंडळात दोन माणसं भेटली की तिसऱ्याला सोडवायला जावं लागायचं. शेवटी चिटणीस नागनाथरावांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, की व्यासपीठावर सीमेचा विषय कुणीही काढायचा नाही, आडूनसुद्धा नाही.

आणि नेमका चौथ्या दिवसाचा वक्ता आजारी पडला. नागनाथराव धापा टाकत आमच्याकडे आले.

"श्रीकांतराव, तुम्हीच बोला. विषय लांबचा घ्या. शक्य तितका लांबचा. तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात ना?"

गेले होते खरे. कारखान्याने ह्यांना सहा महिने ओहायोला यंत्रं शिकायला पाठवलं होतं. तिथून हे यंत्रांपेक्षा इतिहासाचीच पुस्तकं जास्त घेऊन आले. मी मागवलेली सुरी मात्र विसरले.

"अमेरिका चालेल?" ह्यांनी विचारलं.

"पळेल! पण हल्लीची नको. तिथेही कुणी ना कुणी कुणाच्या तरी बाजूचे निघतात. दीडशे वर्षांपूर्वीची घ्या."

नागनाथराव सुटल्यासारखे चहा प्याले आणि गेले. मी मात्र दाराशीच थबकले. कारण मंडळाचा त्या वर्षीचा अध्यक्ष होता आमचा अण्णाच. म्हणजे व्याख्यानाच्या दिवशी हे दोघं एका व्यासपीठावर बसणार. आणि मंडळाची दुसरीही एक रीत होती. ज्याचं व्याख्यान, त्याच्या घरचा प्रसाद, आणि पहिला प्रसाद अध्यक्षाच्या हातावर. संध्याकाळी बाजारात जाऊन खसखस आणि गूळ घेऊन आले.

मग आमच्या स्वयंपाकघरात अमेरिका सुरू झाली. मी नारळ खवायची आणि हे समोर पाटावर बसून सराव करायचे. १८१२ साली अमेरिकेची इंग्रजांशी लढाई झाली, इंग्रजांनी राजधानीत शिरून अध्यक्षाचं घर जाळलं, आणि घर जळत असताना ईशान्येकडची राज्यं म्हणत होती, आमचा व्यापार बुडतोय, आम्हाला ही लढाई नको, आम्ही वेगळे निघतो.

"घरोघरी मातीच्या चुली," मी म्हटलं.

"मध्ये बोलू नकोस."

पण पेगीबाईंची गोष्ट आली तेव्हा मी खवणीच बाजूला ठेवली. जॅक्सन नावाचा अध्यक्ष होता. त्याच्या युद्धमंत्र्याची बायको पेगी. तिच्याबद्दल गावात काहीबाही बोलायचे. उपाध्यक्ष काल्हून, त्याच्या बायकोने ठरवलं की या बाईच्या घरी जायचं नाही. मग बाकीच्या मंत्र्यांच्या बायकाही जाईनात. अध्यक्ष संतापला. बैठकांवर बैठका झाल्या, नवरे बायकांना समजावतात, बायका नवऱ्यांना. शेवटी जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ राजीनामे देऊन मोकळं झालं.

"अगं बाई! हळदीकुंकवावरून?"

"हळदीकुंकू नव्हे. भेटीगाठी."

"तेच ते. एका घरी पाऊल टाकायचं नाही म्हणून राज्य मोडलं. आणि हे शहाणे म्हणे साऱ्या जगाला अक्कल शिकवतात!"

मी कुठे बोट ठेवलंय ते त्यांना कळलं. पण त्यांनी पान उलटलं.

पुढे करोलिना आली. दक्षिण करोलिना नावाचं राज्य. परदेशी मालावर सरकारने कर बसवला, तो त्यांना जाचक वाटला. त्यांनी ठराव केला की हा कायदा आमच्या हद्दीत रद्द. अध्यक्ष म्हणाला, देशाचा कायदा एक राज्य कसं रद्द करतं तेच बघतो. आणि सैन्य वापरण्याचा हक्क देणारा कायदा त्याने करून घेतला. दोघांनीही बाह्या सरसावल्या. आता मागे सरायचं कुणी?

"मग?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला राहवेना.

"मग तिसऱ्याच एका माणसाने, क्ले त्याचं नाव, मध्ये पडून तोड काढली. कर हळूहळू कमी करायचा. करोलिनाने आपला पहिला ठराव मागे घेतला."

"म्हणजे करोलिना हरली."

"थांब ना. त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक ठराव केला. सैन्याचा कायदा आमच्या राज्यात रद्द!"

"पण सैन्य तर आता येणारच नव्हतं."

"नव्हतंच येणार. म्हणून तर केला."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. पडलो तरी नाक वर! "आणि अध्यक्ष काय म्हणाला त्यावर?"

"काही नाही. चालू दिलं."

"मग तोच खरा शहाणा," मी म्हटलं. त्या दिवशी कडबूचं, म्हणजे आमच्याकडच्या करंजीचं, सारण ढवळताना माझ्या डोक्यात जे शिरलं, ते काही केल्या जाईना.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सीमा नाही म्हटल्यावर लोक जरा हिरमुसले होते, पण आले होते. व्यासपीठावर तीन खुर्च्या. डावीकडे हे, उजवीकडे अण्णा, मधे नागनाथराव, दोघांची नजरानजर होऊ नये म्हणून वीतभर उंच होऊन बसलेले. वर्षभराने दोघं एका छपराखाली आले होते. अण्णाचे केस पांढरे झाले होते. वहिनीने माझा हात दाबला.

लढाई छान झाली. अध्यक्षाचं घर जळलं तेव्हा पोरंही गप्प बसली. पेगीबाईंच्या वेळी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सराव करताना हे क्रम पाळायचे, पण पेगीबाईंना दाद मिळाल्यावर ह्यांना चेव आला. "आता जरा मागे जाऊ," असं म्हणून ते फळ्याकडे गेले. १८२० साल. मिसूरी नावाचा नवा प्रांत. तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावरून उत्तर आणि दक्षिण हातघाईवर आलेले. शेवटी अशी तोड निघाली, की मिसूरीला मुभा द्यायची, आणि पलीकडच्या बाकी मुलखात एक आडवी रेष मारायची. रेषेच्या वर गुलामगिरी बंद, खाली चालू.

ह्यांनी खडूने फळ्यावर ती रेष मारली. करकर आवाज झाला.

"निपाणी वर का खाली?" मागून कुणीतरी विचारलं.

आधी हशा पिकला. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "वर!" मागून आला, "तुम्ही कोण सांगणार?" कुणी म्हणालं, "बेळगाव सोडून बोला!" कुणी म्हणालं, "बेळगाव का सोडायचं?" नागनाथराव घंटा वाजवायला लागले, तर घंटेचा लोळाच निसटून पडला. हे खडू हातात धरून उभे. "अहो, मी मिसूरीबद्दल बोलतोय," ते म्हणत होते. "मिसूरी!" कोण ऐकतंय! शक्य तितकी लांबची अमेरिका आणली, आणि ती येऊन बसली ती थेट आमच्या शिवेवर. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, दुसरं काय.

तेवढ्यात अण्णा उठला. अध्यक्ष उठला म्हणताच सभागृह हळूहळू शांत झालं. मी म्हटलं, आता हा काहीतरी टाकून बोलणार, हे उत्तर देणार, आणि माझ्या पोरीचं लग्न कचेरीत.

अण्णा फळ्याकडे बघत होता. "श्रीकांतराव," तो म्हणाला, "त्या रेषेवरच्या माणसांना कुणी विचारलं होतं काय?"

ह्यांनी खडू खाली ठेवला. हात पुसले. मला ठाऊक आहे, ह्यांना खोटं बोलताच येत नाही. रागावतात, टोचून बोलतात, पण पुस्तकात नाही ते सांगत नाहीत.

"नाही," हे म्हणाले. "कुणीच नाही. आणि ज्या गुलामांच्या आयुष्याचा तो सौदा होता, त्यांना तर माणसांतच धरलं नव्हतं. बाजारात विकत होते त्यांना. तेव्हा आपल्या भांडणाशी त्याची तुलना करू नका. आपली तेवढी दुर्दशा नाही." मग खाली बघत म्हणाले, "पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. रेष ओढणारे लांबून ओढतात. मीही लांबूनच बोलत आलो."

एवढंच. माफी नव्हे, काही नव्हे. पण पंचवीस वर्षांच्या संसारात "तुमचा प्रश्न बरोबर आहे" हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"सरी," म्हणजे ठीक, एवढंच अण्णा म्हणाला आणि खाली बसला. नागनाथरावांनी संधी साधली आणि व्याख्यान तिथेच संपवून आरती सुरू केली. करोलिना राहूनच गेली.

आरतीनंतर मी कडबूचं ताट देवापुढून उचललं. पहिला अध्यक्षाला. सगळं मंडळ बघत होतं. अण्णाने हात पुढे केला, आणि ताटात काय आहे ते दिसताच हात तिथेच थांबला. मुरड कशी घातली आहे ते बघूनच त्याला कळलं असणार. तशी मुरड आमची आई घालायची.

"हे कुणी केलंय?" त्याने हळूच विचारलं.

"देवापुढून उचललंय, अण्णा. आता देवाचं. नको असेल तर देवालाच सांग."

त्याने कडबू घेतला, कपाळाला लावला, अर्धा तोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. "खसखस स्वल्प जास्त भाजलीस," तो म्हणाला. पण दुसरा अर्धाही खाल्ला, आणि न विचारता ताटातला आणखी एक उचलला. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

मग लोखंड तापलेलं असतानाच घाव घातला. "भाऊबीजेला ये," मी म्हटलं.

"उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई म्हटलंय मी."

"ठेवू नकोस की. आमचा कट्टा उंबऱ्याच्या बाहेर आहे. तिथे ओवाळते."

"वकिलीण झालीस काय ग?"

"तू दोन गोष्टी बोलला होतास. अन्नाची आत्ताच मोडलीस. दुसरी सांभाळ. तुझी शपथ शाबूत, माझी भाऊबीज शाबूत."

तो म्हणाला, "आणि तुझा नवरा?"

"त्यांनी बोलवायला येणार नाही म्हटलंय. कुठे आलेत? मी बोलावतेय."

घरी येताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी काही त्याला या म्हणणार नाही." मी म्हटलं, "कोण म्हणतंय म्हणा? माझा भाऊ, माझा कट्टा." पण भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी मागे न लागता त्यांनी कट्टा पाणी ओतून, घासून धुतला. मी खिडकीतून बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

भाऊबीजेला सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळी काढली आणि कट्ट्यावर पाट मांडला. रस्त्यावरून जाणारी माणसं वळून बघत होती. बघू देत! अण्णा आला. वहिनीही आली होती. तिने शपथ घेतलेली नव्हती, त्यामुळे ती सरळ आत गेली आणि स्वयंपाकघरातून मला डोळा मारला.

अण्णा पाटावर बसला, उंबऱ्याकडे पाठ करून. मी केळीचं पान आणायला आत वळले, तर हे दोन पानं हातात घेऊन बाहेर येत होते. एक अण्णापुढे मांडलं, एक त्याच्या शेजारी, आणि स्वतः तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. मी वाढलं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, गेल्या वर्षी होतं ते सगळं तेच. मुद्दामच केलं होतं.

दोघं आपापल्या पानात बघत जेवत होते. मग अण्णा म्हणाला, "त्या दिवशी पुढचं राह्यलं. अमेरिकेचं पुढं काय झालं?"

ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! आमटीचा भुरका अर्धवट टाकून त्यांनी करोलिना सांगायला घेतली. करांचा ठराव, अध्यक्षाचा संताप, सैन्याचा कायदा, क्लेची तोड. आणि शेवटी तो न येणाऱ्या सैन्याविरुद्धचा ठराव. अण्णा हसायला लागला. आधी गालात, मग पोट धरून. "म्हंजे हरलं कोण?"

"दोघंही म्हणाले, आम्ही जिंकलो."

"झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि टिकली काय ही तोड?"

"खरं सांगू? नाही टिकली," हे म्हणाले. "दुखणं गुलामगिरीचं होतं, त्याला कुणी हातच घातला नाही. पुढे भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला. पण मधे अठ्ठावीस वर्षं गेली."

अण्णाने बोटाने पानावरचं तूप निपटून घेतलं. "अठ्ठावीस वर्षं लई झाली," तो म्हणाला. "तेवढ्यात प्रतिमाची पोरं कॉलेजात जातील."

आपल्या पानातली अर्धी पोळी ह्यांनी अण्णाच्या पानावर ठेवली. पंगतीत आग्रह करून वाढतात तशी नव्हे. गुपचूप, लहान मुलं ठेवतात तशी. अण्णाने ती खाल्ली. पान स्वच्छ झालं. गेल्या वर्षी अर्धं टाकून उठला होता, तेच जेवण त्याने या वर्षी शेवटच्या घासापर्यंत संपवलं.

मग तो उठला. हात खरकटे, कोपरापर्यंत तूप. मी तांब्या आणायला वळणार तेवढ्यात तो दारातून आत शिरला. मधल्या खोलीतून सरळ मागच्या मोरीकडे गेला, भांडणाआधी दहा वर्षं जायचा तसा, कुठे वळायचं ते पायांनाच ठाऊक असल्यासारखा. आतून नळाचा आवाज आला.

दारामागे उभी असलेली प्रतिमा तोंड उघडणार, एवढ्यात ह्यांनी तिच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पोरगी शहाणी. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. मी निरांजन लावायला बसले, तर काडीच पेटेना. दुसरी पेटली.

अण्णा हात पुसत परत आला आणि उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, थांबला. आपल्या ओल्या पावलांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ह्यांच्याकडे. हे खाली वाकून पानं गोळा करत होते. फार मन लावून करत होते.

"मोरी तिथंच हाय की अजून," अण्णा म्हणाला.

"कुठं जाणार, अण्णा," मी म्हटलं.

तो उंबरा ओलांडून बाहेर आला आणि पाटावर बसला. मी ओवाळलं. गेल्या वर्षीची सुपारी डब्यातून काढून ठेवली होती, तीच ताटात होती. ओवाळून झालं, तेव्हा हे देवघरातून कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी घेऊन आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये. जोडीने द्यायची असते ना?"

ह्यांनी अण्णाच्या हातावर अक्षत ठेवली. "मार्गशीर्षात आहे," ते म्हणाले. "पाठीशी उभं राहायला या."

अण्णाने मूठ मिटली. तो नुसताच मान हलवत राहिला, आणि प्रतिमा उंबऱ्यातून धावत येऊन त्याच्या पाया पडली, तेव्हा त्याने तिची वेणी ओढली.